शेळीची राहिलेली गोष्ट

ठेवा ते मोबाईल खाली. डीपी जळलाय, लाईट आता सकाळशिवाय येत न्हाय. सुरज, कंदिलाची वात जरा खाली घे, उगं काच काळी व्हायलीय. अन् ज्ञानेश्वरी, तू पायरीवर नको बसू बाई, आत सरक.

आता ऐका. सांगतो, पण हुंकार द्यायचा. मधी मधी "हं" म्हणायचं. हुंकार थांबला की म्या बी थांबणार. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलीय ह्या बजरंगअण्णानं, खिडकीकडं तोंड करून बसलेल्या माणसाला काही सांगायची मला सवय न्हाय. अन् हे बनवून सांगत न्हाय मी. ज्याच्यावर बेतलं त्यानं ह्याच ओसरीवर बसून सांगितलंय, लेकरावाणी रडत. थोडं म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय.

चोवीस सालची येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. तारीख तीस डिसेंबर, वार सोमवार. आपल्याकडं येळवसला गावात कुत्रं सुद्धा राहत न्हाय, सगळी शेतात. रणधीर धाराशिवहून सास्तूरला आला तो शेतातल्या पांडवांची पूजा करायला अन् जाताना ज्वारीचं कट्टं घेऊन जायला. रणधीर म्हणजे हिंमतरावांचा एकुलता एक. हिंमतराव वारले, तवापासनं रान बलभीमकडं बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर. रणधीर धाराशिवला कॉलेजात क्लार्क, बायको सोनाली एका पतसंस्थेत. त्या दिवशी सोनालीला सुट्टी मिळाली न्हाय, म्हणून कारमधी तो अन् त्याची पाच वर्षांची पोरगी अर्पिता, दोघंच आले.

कडब्याच्या कोपीत पूजा झाली. भज्जी, आंबील, उंडे, सगळं पोटभर झालं. अर्पिता बोरीखाली खेळत होती. खेळता खेळता बापाला म्हणाली, "पप्पा, अम्माचं घर इथंच आहे ना? जाऊ या का?"

"अम्मा गावाला गेली," रणधीर म्हणला.

"कोणत्या?"

"लांबच्या."

बलभीम तिथंच पत्रावळ्या उचलत होता. त्यानं मालकाकडं बघितलं अन् नजर खाली घातली. कारण अम्मा कुठं गेली नव्हती, अर्ध्या कोसावर आपल्या खोलीत होती. हे बलभीमला ठाऊक, रणधीरला बी ठाऊक.

आता ही अम्मा कोण, ते सांगतो.

रुद्रम्मा. माहेर आळूरकडचं, बोलताना निम्मं कानडी यायचं तोंडात. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा नवरा अन् दोन लेकरं गेली. त्याच रात्री हिंमतरावांची बायको गेली, रणधीर तवा तीन वर्षांचा. दगडमातीच्या ढिगाऱ्यातनं काढलेलं पोरगं, रात्र झाली की किंचाळायचं. पत्र्याच्या शेडात आमी सगळे शेजारी शेजारी, कुणाचा डोळा लागायचा न्हाय. एके रात्री रुद्रम्मा उठली, पोराला हिंमतरावांच्या हातातनं घेतलं, मांडीवर टाकलं अन् गोष्ट सांगाय लागली. पोरगं ऐकता ऐकता झोपलं. दुसऱ्या रात्री परत गोष्ट. तिसऱ्या रात्री परत. असं करत ती त्याची अम्मा झाली. बारा वर्षं त्या पोरानं गोष्टीबिगर डोळा मिटला न्हाय. दूध पाजून वाढवतात तसं तिनं त्याला गोष्टीवर वाढवलं, हे म्या शपथेवर सांगतो.

तर हाच रणधीर मोठा झाला, लग्न झालं, अर्पिता झाली. अन् ती पोरगी चार वर्षांची झाली तरी धड बोलंना. आई-बाप दोघं नोकरीला, पोरीच्या हातात सकाळ-संध्याकाळ मोबाईल. डॉक्टर म्हणला, औषध काही न्हाय, तो मोबाईल काढा अन् लेकराशी बोला. गोष्टी सांगा. आता सांगणार कोण? रणधीरला अम्मा आठवली. गाडी घेऊन आला. "अम्मा, चल माझ्याकडं. आता कायमची तिथंच राहा." रुद्रम्मानं सगळ्या गल्लीला साखर वाटली. मलाबी दिली, बसमधी.

रुद्रम्माची रीत अशी, की हुंकार पायजे. पोरगी बोलत नव्हती, तर ही वाट बघत बसायची. "एक होता ससा..." म्हणायची अन् थांबायची. पाच मिन्टं, दहा मिन्टं. सोनाली वैतागायची, पण म्हातारी ढिम्म. अकराव्या रात्री अर्पिता म्हणली, "हं." घरातली सगळी रडली बघा. हुंकारातनं मग शब्द आले, शब्दातनं वाक्यं आली, अन् चार-पाच महिन्यांत पोरगी अशी पोपटावाणी बोलाय लागली की शेजारणी येऊन बघून जायच्या.

अन् मग... गरज सरो, वैद्य मरो.

दोन खोल्यांचं घर. म्हातारी रात्री खोकायची. मिश्री लावायची, मोरीत डाग पडायचे. गणपतीला सोनालीच्या माहेरचे यायचे होते. हळूहळू दोघांच्या मनात आलं, की आता पोरगी बोलतीया... पण गोष्टीबिगर झोपणार कशी? तर ह्या शहाण्यानं काय करावं? रोज रात्री पोरीच्या उशाखाली आपला मोबाईल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. म्हातारीला पत्ता न्हाय. ती आपली जीव ओतून सांगतीया, अन् खाली मोबाईल भरून घेतोय. एक्केचाळीस गोष्टी झाल्या.

एक्केचाळिसावी शेळीची. आई मेलेलं वाघाचं पिल्लू एक म्हातारी शेळी दूध पाजून वाढवते. पिल्लू मोठं होतं, त्याला दुधाची गरज राहत न्हाय. अन् एक दिवस ते शेळीला म्हणतं... इथं म्हातारीला खोकल्याची उबळ आली. म्हणली, "जाऊ दे गं बाळा, खोकला लई यायलाय. राहिलेली उद्या."

उद्या कसली! पोळ्याचा दुसरा दिवस तो. सकाळीच रणधीरनं तिचं गाठोडं गाडीत ठेवलं. म्हणला, "अम्मा, घराला रंग द्यायचाय. तुम्हाला वासानं त्रास व्हईल. पुढच्या सोमवारी म्या स्वतः न्यायला येतो. स्टॉपवर थांबा."

ऐकलंत का? जन्मभर अम्माला "तू" म्हणणारा माणूस त्या दिवशी "तुम्ही" म्हणला. म्हातारी एवढंच म्हणली, "पोरीला सांग, शेळीची गोष्ट अर्धी हाय. अर्धी गोष्ट ठेवून जाऊ नये, ऐकणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. सोमवारी आले की सांगते."

शाळेतनं आल्यावर अर्पितानं विचारलं, अम्मा कुठं? सोनाली सैपाकघरात होती. रणधीरनं पोरीला आपल्या खोलीत नेलं, दार लोटलं अन् म्हणला, "कंटाळली तुला. गेली."

का म्हणला असंल? पोरगी पुन्हा विचारू नये म्हणून. पण एवढ्याशा जिवाला काय वाटलं असंल, सांगा बरं! त्या दिवसापासनं ती शाळेत कुणाची खोडी काढंना, ताटात भात टाकंना, झोपताना विचारायची, "मी आता शहाणी झाले ना? मग अम्मा येईल?" अन् हा तिच्या उशाशी मोबाईल लावून द्यायचा.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्याला सुरी लागत न्हाय.

आता सोमवारचं म्या सांगतो, कारण ते माझ्या डोळ्यानं बघितलंय. माझी ड्युटी सोमवारी धाराशिव-सास्तूर. गावाबाहेरच्या स्टॉपवर रुद्रम्मा गाठोडं घेऊन बसलेली. गाडी थांबली की उठायची, दारातनं वाकून बघायची. "बजरंगा, माझा रणधीर आला का रे?" म्या म्हणायचो, "न्हाय अम्मा. तो आला तर कारनं येईल, एसटीनं कशाला?" तर म्हणायची, "व्हय व्हय, गाडीत बिघाड झाला असंल." दुसऱ्या सोमवारी परत तेच. तिसऱ्या सोमवारी परत. एकदा म्या धाराशिवला त्याच्या कॉलेजात जाऊन सांगितलं बी. तो म्हणला, "येतो अण्णा, सध्या कामाचा लोड हाय."

तर येळवसची संध्याकाळ. अंधार पडला. बलभीमनं कट्टं डिकीत टाकलं. रणधीरनं पोरीला मागच्या सीटवर निजवलं, शाल टाकली, अन् बरोब्बर आठ वाजता गाडी काढली. थंडी मजबूत. अमावस्येचा अंधार, डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा.

गावाबाहेरचा स्टॉप आला. रणधीरला दिवसभर त्याचीच धास्ती होती, सोमवार होता ना. त्यानं गाडीचा वेग वाढवला अन् तिरक्या नजरेनं बघितलं. स्टॉप मोकळा. कुणी नव्हतं. त्यानं सुस्कारा सोडला. मला म्हणला, "अण्णा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं."

लोहारा मागं पडलं. दोन्ही बाजूला ज्वारी. पुढं गाडी न्हाय, मागं गाडी न्हाय.

मागनं अर्पिता म्हणली, "पप्पा, शेळीची लाव."

त्यानं समोरच्या स्टँडवरच्या मोबाईलवर बोट ठेवलं. रुद्रम्माचा आवाज सुरू झाला. "एक होती म्हातारी शेळी..."

"हं," पोरगी म्हणली. रेकॉर्डिंगमधली बी म्हणली, मागच्या सीटवरची बी म्हणली.

रणधीरला ती गोष्ट पाठ झाली होती. पिल्लू मोठं झालं. दुधाची गरज राहिली न्हाय. "अन् एक दिवस पिल्लू शेळीला म्हणलं..." मग खोकला. मग, "राहिलेली उद्या."

संपलं. मोबाईलचा उजेड विझला. पोरगी रोज इथं "मग?" म्हणायची अन् हा "झोप आता" म्हणायचा.

"मग?" पोरगी म्हणली.

त्यानं तोंड उघडलं...

"मग," मागनं आवाज आला, "पिल्लू म्हणलं, आई, तू ह्या वडाखाली बस. म्या सोमवारी न्यायला येतो."

काय म्हणतोस सुरज? कुणाचा आवाज? गप ऐक की लेका.

रणधीरला वाटलं, मोबाईल पुढं चालू राहिला. रेकॉर्डिंग बंद करायचं ध्यानात आलं नसंल त्या दिवशी. त्यानं बोटानं बंद केला. स्क्रीन काळी.

"शेळी वडाखाली बसली."

"हं."

"पहिला सोमवार गेला. शेळी म्हणली, वाटंत नदीला पाणी असंल."

"हं."

आवाज मोबाईलमधनं येत नव्हता. आवाज मागच्या सीटवरनं. पोरीच्या उशाकडनं. खोकत नव्हता, दमत नव्हता. निवांत... मांडीवर लेकरू घेऊन बसल्यावर असतो तसा.

त्यानं आरशात बघायला मान वर केली... अन् बघितलं न्हाय. हिंमत झाली न्हाय.

तेवढ्यात मोबाईल वाजला. बलभीम. त्यानं उचलला, स्पीकरवर.

"मालक... कुठवर पोचलात?"

"बोल."

"मालक, रुद्रम्मा गेल्या."

"कवा?"

"दुपारनं स्टॉपवर येऊन बसल्या होत्या म्हणं. गावात कुणीच न्हाय, सगळी शेतात. साडेपाचची एसटी आली तर बसल्या जागी... बजरंगअण्णानं खाली उतरून हात लावला, तवा कळलं. मला आत्ता गावात आल्यावर समजलं, मालक."

अन् बलभीम बोलत होता तवा मागची गोष्ट थांबली नव्हती. ध्यानात घ्या. फोन चालू. बलभीम बोलतोय. अन् मागं...

"सतरावा सोमवार आला."

"हं."

"शेळीला आता दिसंना. ऊठवंना. तरी म्हणली, येईल. माझं दूध पिलंय, येईल."

"मालक? कोण बोलतंय तिथं?" बलभीम म्हणला. अन् म्हणला, "मालक... ह्यो आवाज..."

फोन कट झाला. कुणी कट केला, ठाऊक न्हाय.

रणधीरनं गाडी थांबवली. म्हणजे पाय आपोआप ब्रेकवर गेला. इंजन बंद पडलं. अंधार. ज्वारीची सळसळ.

"अन् वाघाच्या घरी," आवाज म्हणला, "वाघाची एक पोरगी होती. तिनं बापाला विचारलं... शेळी कुठं हाय?"

"हं."

"अम्मा..." रणधीर म्हणला. पुढं बघूनच. "अम्मा, नको. तिला नको सांगू."

गप्प.

मग पोरगीच म्हणली, "मग वाघ काय म्हणला?"

"वाघ म्हणला..." आवाज आता अगदी हळू, लेकराच्या कानात बोलावा तसा. "कंटाळली तुला. गेली."

दार लोटून बोललेलं वाक्य ते. ती खोली, तो बाप अन् ती पोरगी. तिसरं माणूस कुणी नव्हतं.

"पण शेळी कंटाळली नव्हती गं बाळा. शेळी वडाखालीच होती. तू काही केलं नव्हतंस. तुझं काही चुकलं नव्हतं. झाली गोष्ट."

"हं," अर्पिता म्हणली.

अन् मग काही न्हाय.

रणधीरनं मला सांगितलं, "अण्णा, ती मला काही बोलली न्हाय. एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. जी बोलली ती पोरीशी."

त्यानं मागं वळून बघितलं. पोरगी उठून बसली होती, टक्क जागी. शेजारची सीट रिकामी. ती बापाकडं अशी बघत होती, जसं बाजारात अनोळखी माणसाकडं बघतात.

त्यानं गाडी वळवली. दहाच्या सुमाराला सास्तूरला आले. रुद्रम्माच्या खोलीत आमी सात-आठजण होतो. लिंगायतांच्या रीतीनं तिला भिंतीला टेकवून बसवलेली, कपाळाला भस्म. रणधीरनं पोरीला कडेवर घ्यायला हात पुढं केले, पोरगी बाजूनं निघून गेली. सरळ आत आली, म्हातारीजवळ मांडी घालून बसली अन् म्हणली, "अम्मा, मला कळलं."

बायांनी पदर तोंडात धरले. रणधीर उंबऱ्याच्या बाहेर उभा होता, तिथंच खाली बसला. मोठ्यानं रडला, "अम्मा, माझं चुकलं" म्हणून रडला. कुणीबी त्याच्या पाठीवर हात ठेवला न्हाय. म्याबी न्हाय. खरं सांगतो, मला त्याचा राग होता, अजून हाय.

म्हातारीला मूठमाती दिली. पंधरा दिवसांनी रणधीर इथं आला, ह्याच ओसरीवर. गालफडं बसलेली. मला म्हणला, "अण्णा, एकच विचारतो. अम्मा किती सोमवार आली होती स्टॉपवर?"

म्या बोटं मोजली. पोळ्यानंतरचा पहिला सोमवार धरून येळवसपर्यंत. "सतरा," म्हणलं.

त्यानं मान खाली घातली. म्हणला, "पोरगी माझ्याशी बोलत न्हाय, अण्णा. आईशी बोलती, शाळेत बोलती. रोज रात्री म्या उशाशी बसतो, गोष्ट सांगायला बघतो. एक बी आठवत न्हाय. बारा वर्षं ऐकल्या, अन् एक बी आठवत न्हाय. 'एक होता राजा' म्हणतो, पोरगी भिंतीकडं तोंड करती."

"मग त्या मोबाईलवरच्या लाव की," म्या जरा टोचूनच बोललो. "त्याच्यासाठीच तर भरून घेतल्या होत्यास."

त्यानं खिशातनं मोबाईल काढला, पहिली गोष्ट लावली अन् माझ्या हातात दिला.

आधी पंख्याचा आवाज. मग काहीच न्हाय. मला वाटलं, लागलंच न्हाय. तेवढ्यात पोरीचा आवाज आला. "हं."

मग शांत. परत, "हं."

रुद्रम्मा नव्हती. पंखा होता, लांब कुठंतरी कुकरची शिट्टी होती, पोरीच्या बांगड्या वाजत होत्या. म्हातारीचा आवाज तेवढा न्हाय. दुसरी लावली, तेच. दहावी, विसावी, तेच. मिन्टं पूर्वी होती तेवढीच, पुसलेलं काही न्हाय. धाराशिवच्या मोबाईलवाल्याला दाखवलं, तो म्हणला, फाईल बरोबर हाय, ह्यात दुसरा आवाज भरलेलाच नसंल. पण रोज रात्री सगळ्या घरानं ऐकलेलं ते!

ह्या कानानं ऐकलंय म्या. रणधीर समोर बसलेला, म्या मोबाईल कानाला धरून. एका ठिकाणी लई वेळ काहीच आलं न्हाय. म्या बंद करणार होतो... अन् अर्पिता खळखळून हसली. पोट धरून, लोळून हसावं तशी. मग श्वास घेऊन म्हणली, "परत सांग ना अम्मा, तेवढंच परत सांग." अन् पुन्हा शांत... अन् पुन्हा हसली.

कशाला हसली, ते आता कुणालाच ठाऊक न्हाय.